केबल सोडायची म्हणजे काय काय सोडायचं: शिवाजी पेठेतल्या एका घराचा हिशेब

२०२४ च्या दिवाळीत पाडव्याला काकांकडे फराळाला गेलो होतो आणि नेमका तेव्हाच केबलवाला पोरगा पैसे न्यायला आला. काकांनी सहाशे रुपये मोजून दिले, पावती कॅलेंडरच्या खिळ्याला टोचली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तीनशे च्यानेल हाईत म्हणं. मी बघतो तीन. तुमच्या त्या कॉम्प्युटरवर न्हाई का हे भागत?"

"भागतंय की," मी म्हणालो.

कॉम्प्युटरचं काम करणाऱ्यानं सणासुदीला नातेवाइकांच्या घरी काय बोलू नये, याच्या यादीत हे वाक्य बरंच वर घालायला हवं. पुढचे नऊ महिने मी त्या दोन शब्दांचं व्याज फेडलं. काय ठरवलं होतं, काय झालं, पैसे किती गेले आणि घरात शेवटी काय उरलं, ते इथं लिहून ठेवतोय. हाच प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतं आणि दर वेळी मी चहा संपेपर्यंत बोलत बसतो.

घर आणि वही

घर जुनं आहे. पुढं सोपा, मागं माजघर, वर माडी. खालच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. माणसं पाच: काका एकाहत्तर वर्षांचे, एसटीतून निवृत्त, काकू, चुलतभाऊ, म्हणजे माझा दादा, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला, वहिनी, आणि त्यांचा आठवीतला पोरगा. टीव्ही दोन. सोप्यातला त्रेचाळीस इंची अँड्रॉइड, माडीवरचा बत्तीस इंची जुना, ज्याला इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नाही. केबलच्या जोडण्या दोन, खालची साडेतीनशेची, वरची अडीचशेची. इंटरनेट शंभर एमबीपीएसचं, जीएसटी धरून महिना ८२५ रुपये, आणि तेही त्याच केबलवाल्याकडून.

पहिला आठवडा मी कशालाही हात लावला नाही. टीव्हीशेजारी एक वही टांगली आणि जो लावेल त्यानं काय लावलं, किती वेळ, एवढंच लिहायचं असं सांगितलं. आठवड्यानंतर वहीत असं दिसलं: काकूच्या मालिका संध्याकाळी साडेसात ते दहा, दोन वाहिन्यांवर मिळून. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं पुनःप्रक्षेपण. काकांच्या बातम्या सकाळी तासभर, रात्री तासभर. कोल्हापूरचं स्थानिक केबल चॅनेल रोज चाळीसेक मिनिटं, आणि समासात काकांच्या अक्षरात: "फुटबॉल सुरू झाल्यावर जास्त." पोराचं सगळं यूट्यूब. दादा-वहिनीचं जे काही होतं ते फोनवर, म्हणजे माडीवरच्या टीव्हीचे अडीचशे रुपये जवळजवळ वायाच. दुपारी तीन ते पाच या रकान्यात काकूनं सातही दिवस एकच वाक्य लिहिलं होतं: "टीव्ही चालू. झोपलो होतो."

त्या ओळीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

साडेतीनशे रुपयांत काय काय होतं

केबलचं बिल लोक वीजबिलासारखं भरतात, उघडून बघत नाहीत. काकांचं उघडलं. ट्रायची, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाची, नवी दरपद्धत फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, तेव्हापासून बिलाचे दोन तुकडे असतात. एक जोडणीचा, ज्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात, आणि दुसरा सशुल्क वाहिन्यांचा, सुट्या किंवा गठ्ठ्यानं घेतलेल्या. जोडणीच्या फीला सुरुवातीला १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. त्यावर अठरा टक्के जीएसटी लावला की १५३ रुपये ४० पैसे. एवढ्यात आधी शंभर वाहिन्या मिळत, २०२० च्या सुधारणेनंतर दोनशे. त्याच सुधारणेनं एका घरातल्या दुसऱ्या टीव्हीला जोडणीची फी पहिल्याच्या चाळीस टक्क्यांवर घेता येणार नाही असं ठरवलं. २०२४ मध्ये ट्रायनं कमाल मर्यादाच काढली आणि दर ठरवणं पुरवठादारांवर सोडलं. पण गल्लीतल्या पावत्यांवर अजून त्याच आकड्याची सावली दिसते.

काकांच्या गठ्ठ्यात काय होतं? दोन दाक्षिणात्य भाषांतले सिनेमे, इंग्रजी जीवनशैलीच्या वाहिन्या, आणि लहान मुलांचं असं एक पॅकेज जे पोरगा दुसरीत असताना घेतलं होतं. माडीवरही हाच गठ्ठा. मी केबलवाल्या पोराला विचारलं, नको ते सगळं काढलं तर किती? त्यानं फोनवर हिशेब केला: खाली २६०, वर १५०. म्हणजे एका फोनवर महिन्याला एकशेनव्वद रुपये वाचत होते आणि मला एक स्क्रूसुद्धा फिरवावा लागत नव्हता.

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात सर्व्हर, म्हणजे घरातल्या टीव्हींना सिनेमे पुरवणारा एक कॉम्प्युटर, शिरला होता. हे कबूल केलेलं बरं.

माळ्यावरची ट्रंक

वही समोर ठेवून प्रत्येक गोष्ट केबलशिवाय कुठून मिळेल ते लिहिलं. स्टार प्रवाहच्या मालिका हॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर. मराठी बातम्यांच्या बहुतेक वाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट. कोल्हापूरची स्थानिक चॅनेलंही यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतात. दोन अ‍ॅपच्या वार्षिक वर्गण्या मिळून घराला पडल्या साधारण २,६०० रुपये. दादानं आधी एक स्वस्तातला प्लॅन घेऊन ठेवला होता, पण तो मोबाइलपुरताच; टीव्हीवर चालेना. हा खड्डा पुष्कळांना लागतो, वर्गणी भरण्याआधी 'टीव्हीवर चालतो का' आणि 'एका वेळी किती पडद्यांवर' या दोन ओळी वाचाव्यात.

कागदावर सगळं भागलं होतं, आणि सर्व्हरसाठी काहीच उरलं नव्हतं. घरच्या मीडिया सर्व्हरबद्दल मोठा गैरसमज इथंच असतो. त्याच्यावर चालू मालिका येत नाही, मॅच येत नाही, बातम्या येत नाहीत. जे आपल्याकडे फाइलीच्या रूपात आहे तेवढंच तो घरातल्या पडद्यांवर नीट मांडून दाखवतो. मग आपल्याकडे आहे काय, हा प्रश्न. दादाच्या पोराचं उत्तर तयार होतं: टेलिग्रामवर सगळं मिळतं. त्याला नाही म्हणालो. चोरीचे सिनेमे भरायला काकांच्या घरात यंत्र बसवायचं नव्हतं.

उत्तर माळ्यावरच्या ट्रंकेत निघालं. सत्तरेक मराठी सिनेमे-नाटकांच्या व्हीसीडी, दोन-दोन तबकड्यांच्या. २००२ ते २०१० या काळात काकांनी एसटी स्टँडवरून आणि जत्रेतून घेतलेल्या. लग्नाच्या काही डीव्हीडी. पाच व्हीएचएस कॅसेटी, त्यातली एक धाकट्या आत्याच्या लग्नाची, १९९४ ची. आणि दादाच्या जुन्या लॅपटॉपवरचे बारा वर्षांचे फोटो.

यंत्र म्हणून शाहूपुरीतून एक वापरलेला छोटा ऑफिस डेस्कटॉप घेतला, आठव्या पिढीचा इंटेल आय फाइव्ह, साडेअकरा हजारांना. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर स्वस्त आणि लाडका आहे, पण टीव्हीला न समजणारी फाइल चालता चालता बदलून द्यायची वेळ आली की त्याला धाप लागते. इंटेलच्या चिपमध्ये व्हिडिओ बदलण्यासाठी वेगळा भाग असतो, क्विक सिंक नावाचा, त्यामुळे मुख्य प्रोसेसरवर भार येत नाही. चार टीबीची डिस्क साडेनऊ हजारांची. माडीवरच्या टीव्हीच्या मागं लावायला, त्यावर अ‍ॅप चालवणारी स्टिक बत्तीसशेची. वीज गेल्यावर राउटर आणि सर्व्हर दोन्ही तग धरतील असा छोटा यूपीएस अठराशेचा. एकूण बरोबर सव्वीस हजार. दादानं निम्मे दिले, निम्मे माझे. काकांना आकडा सांगितलेला नाही.

सॉफ्टवेअर जेलीफिन. २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बी नावाच्या सर्व्हरनं आपला सगळ्यांना खुला असलेला कोड बंद केला तेव्हा काही जणांनी आधीच्या कोडवरून ही वेगळी शाखा काढली. फुकट आहे आणि लॉगिन घरातल्या यंत्रावरच होतं. प्लेक्स हे असंच दुसरं सॉफ्टवेअर दिसायला अधिक गुळगुळीत आहे, पण त्याचं लॉगिन त्यांच्या सर्व्हरमधून जातं आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपल्याच फाइली बघायलाही पैसे लागू झाले. इंटरनेट गेल्यावर चाललं पाहिजे ही माझी अट होती, म्हणून जेलीफिन.

व्हीसीडीनं मला दोन शनिवार-रविवार खाल्ले. साधी फाइल कॉपी करतो तशी व्हीसीडीवरची डॅट नावाची व्हिडिओची फाइल ओढायला गेलं की मध्येच त्रुटी येते आणि माणूस म्हणतो, तबकडी खराब झाली. पुष्कळदा ती खराब नसते. जास्त मिनिटं बसावीत म्हणून व्हीसीडीवरच्या व्हिडिओच्या भागात डेटा सीडीवर असतो तो चूक सुधारणारा जादा थर ठेवलेलाच नसतो, आणि कॉम्प्युटर तिला डेटा सीडी समजून वाचायला जातो. व्हीसीडी ओळखणारा प्रोग्राम वापरला तेव्हा सत्तरपैकी त्रेसष्ट सिनेमे सहीसलामत निघाले. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एमपेग-वन नावाच्या जुन्या पद्धतीचं. ते एच दोनशे चौसष्ट या नंतरच्या पद्धतीत बदललं, दोन तबकड्या जोडल्या, आणि मोठं-स्पष्ट करण्याच्या फंदात पडलो नाही. त्रेचाळीस इंचांवर पहिला सिनेमा लावला तेव्हा काका म्हणाले, "पावसात भिजल्यागत दिसतंय," आणि पूर्ण बघितला. सगळं मिळून ऐंशी-नव्वद जीबी झालं. चार टीबीची डिस्क कशाला घेतली, हे विचारू नका.

सिनेमांची माहिती आणि पोस्टर जेलीफिन नेटवरून आपोआप आणतो, त्यासाठी फोल्डरला सिनेमाचं नाव आणि कंसात साल द्यावं लागतं. मराठी सिनेमांचं साल चुकलं की तो भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटवतो. एका तमाशापटाला त्यानं कोरियन गुन्हेपटाचं चित्र लावलं होतं. नाटकांची माहिती तर जवळपास नव्हतीच. शेवटी व्हीसीडीच्या वेष्टनांचेच फोटो काढून लावले, आणि ते सगळ्यात बरं झालं, कारण काकू सिनेमा नावानं ओळखत नाही, वेष्टनावरून ओळखते.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम खासगी वापराला काही मोकळीक देतं. पण २०१२ मध्ये घातलेलं ६५अ कलम असं म्हणतं की हक्कभंग करण्याच्या हेतूनं संरक्षणाचं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हीसीडीला असं कुलूपच नसतं. बाजारातल्या सिनेमांच्या डीव्हीडींना असतं. त्या मी ट्रंकेतच राहू दिल्या. लग्नाच्या डीव्हीडी घरच्याच. शिवाय आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला जायच्या आधी इथं कोल्हापुरात निघालेले बोलपट केव्हाच मोकळे झालेत. त्यातला एक काकांसाठी घालून ठेवला. त्यांनी दहा मिनिटं बघितला.

जानेवारी

१ जानेवारी २०२५ ला दोन्ही केबल बंद केल्या. केबलवाला पोरगा सेट टॉप बॉक्सची डबडी न्यायला आला तेव्हा काकूला म्हणाला, "जाऊ दे की काकू, नेट आमचंच हाय." त्याच्या तोंडावर अजिबात दुःख नव्हतं.

पहिली अडचण भिंतींची. राउटर सोप्यात, माजघरात सिग्नल अर्धा, माडीवर नावापुरता. शंभर एमबीपीएस घरात येतात आणि मातीच्या भिंतीत मुरतात. सिग्नल घरभर पसरवणाऱ्या मेश राउटरवर पैसे घालण्याऐवजी केबलची जुनी काळी वायर ज्या भोकांतून माडीवर गेली होती त्याच भोकांतून लॅनची, म्हणजे राउटरपासून इंटरनेट नेणारी, वायर ओढली. जुनी वायर नव्या वायरीला बांधून खेचायची, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादाचा पोरगा. तास लागला, खर्च सहाशे. हे मी सव्वीस हजारांत धरलेले नाहीत, पोराच्या वाढदिवसाची भेट म्हणून सोडले.

दुसरी अडचण ओटीपीची. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सात पंचवीसला, एका अ‍ॅपनं आपोआप लॉगआउट केलं. ओटीपी गेला दादाच्या फोनवर. दादा दुसऱ्या पाळीला, फोन लॉकरमध्ये. काकूनं मला फोन केला, मी दादाच्या सुपरवायझरला शोधला, तोवर मालिका संपली. ती उद्या केव्हाही बघता येईल, अ‍ॅपवर राहतेच, असं मी समजावलं. काकू म्हणाली, "उद्या शेजारीण आधी सांगून मोकळी झालेली असती." दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्गण्या काकूच्या नंबरवर घेतल्या. कुणी हे करणार असेल तर त्यांनी पहिल्याच दिवशी करावं: जो माणूस टीव्हीसमोर बसतो, नंबर त्याचा.

तिसरी अडचण रिमोटची, आणि ती सुटली असं मला महिनाभर वाटत होतं. काकूला केबलचे तीन आकडी नंबर पाठ होते. अंधारात बोटांनी दाबायची. आता टीव्ही लावला की समोर भिंतभर चित्रं, त्यातली निम्मी जाहिरातींची. बटणं अ‍ॅपला जोडून देणारं एक अ‍ॅप टाकलं: लाल दाबलं की एक, हिरवं दाबलं की दुसरं, पिवळं म्हणजे यूट्यूबवरच्या बातम्या, निळं म्हणजे आपला सर्व्हर. रिमोटला रंगीत टिकल्या चिकटवल्या. फेब्रुवारीत जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन १४ तारखेला जिओहॉटस्टार सुरू झालं. कलर्स मराठीच्या मालिकाही त्याच लाल बटणामागे आल्या. मी खूश.

वहिनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की दुपारी आई टीव्ही लावतच नाहीत आता. नुसत्या सोप्यात बसतात.

काकूला विचारलं. निळं बटण दाबलं की त्रेसष्ट सिनेमे आहेत, तुझेच, का बघत नाहीस?

"मी काय शोधत बसू व्हय? दुपारी पडल्या पडल्या कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं. लावलं की लागलं पाहिजे."

मग वहीतली ती ओळ आठवली. झोपलेल्या माणसाला निवड करता येत नाही, आणि आमच्या सगळ्या व्यवस्थेत न निवडता काही लागतच नव्हतं. केबलमध्ये कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आपण फक्त त्यात शिरतो. त्याचे ती पैसे देत होती.

गोल

काकांचं वेगळं. पेठेत राहणाऱ्याला फुटबॉल म्हणजे काय हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं आणि ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत ते स्थानिक चॅनेलवर बघतात. फेब्रुवारीतल्या एका दुपारी शिवाजी तरुण मंडळाची मॅच होती. काकांनी पिवळं बटण दाबून यूट्यूबवर लावली. चित्र केबलपेक्षा स्वच्छ होतं, हे त्यांनी कबूल केलं. विसाव्या मिनिटाला सगळी गल्ली ओरडली. समोरच्या घरातून शिट्ट्या, कुणीतरी पत्र्याचा डबा बडवला. आमच्या पडद्यावर चेंडू मैदानाच्या मध्यावर होता.

"गोल झाला तिकडं, आणि आपलं पोरगं अजून थ्रो घेतंय," काका म्हणाले. बरोबर पस्तीस सेकंदांनी आमच्याकडे गोल झाला. घरात कुणी ओरडलं नाही.

कारण साधं आहे. यूट्यूबसारखं थेट प्रक्षेपण काही सेकंदांचे तुकडे करून पाठवलं जातं, आणि चित्र अडकू नये म्हणून आपला टीव्ही असे काही तुकडे आधी साठवून मग दाखवायला लागतो. वीस ते चाळीस सेकंदांचं अंतर सहज पडतं. केबललाही थोडा उशीर असतो, पण थोडाच, आणि मुख्य म्हणजे सगळ्या गल्लीला सारखा. मी सेटिंगमध्ये जाऊन तीन-चार सेकंद खेचले, पुढं काही होईना. एकट्या घरात कुणाला हा उशीर कळणारही नाही. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं आहेत.

मार्चमध्ये सोप्यातली केबल परत घेतली. फक्त मूळ जोडणी, त्यात फुकट वाहिन्या आणि स्थानिक चॅनेलं. केबलवाल्या पोरानं दोनशे सांगितले, मी घासाघीस केली नाही. पावसाळ्याचंही कारण होतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेलं हे घर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी एकोणचाळीस फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की काका स्थानिक चॅनेलच्या खालच्या पट्टीवरून नजर काढत नाहीत. ती पट्टी त्यांना रिमोट न शोधता दिसली पाहिजे.

डबडं लावायला तोच पोरगा आला. जाताना काकूच्या रिमोटचे सेल बदलून गेला. "हा बोलावला की येतो," काकू म्हणाली. "तुझं अ‍ॅप येतं का?"

एकशे एक नंबर

दुपारच्या दोन तासांचं उत्तर मात्र केबलमध्ये नव्हतं, कारण काकूच्या सशुल्क वाहिन्या आता त्या जोडणीत नव्हत्या. तेव्हा सर्व्हर पहिल्यांदा खरोखर उपयोगी पडला. आपल्याच फाइलींची वेळापत्रकावर चालणारी वाहिनी बनवणारे मोफत प्रोग्राम आहेत. मी एर्सात्झ टीव्ही वापरला. कुठल्या फोल्डरमधलं, कुठल्या वेळी, कुठल्या क्रमानं हे सांगितलं की तो चोवीस तास चालणारी एक वाहिनी तयार करतो, आणि जेलीफिनच्या थेट टीव्हीच्या भागात ती नंबरासकट दिसते. मध्ये शिरलं की सिनेमा मधूनच दिसतो, अगदी केबलसारखा. मागं नेता येत नाही. हा दोष मी मुद्दाम ठेवला.

वाहिनीचा नंबर १०१. सकाळी सहा ते आठ काकांच्या जुन्या सीडींवरचे अभंग, पडद्यावर घरचे फोटो सरकत. दुपारी बारापासून सिनेमे आणि नाटकं आळीपाळीनं. तीन ते पाच हळू आवाजाची नाटकं, मारामारीचे सिनेमे नकोत. ही सूचना काकूची. निळं बटण आता थेट या वाहिनीवर उघडतं. पहिल्या आठवड्यात काकू मला म्हणाली, "काल अर्ध्यातनं लागलं होतं, सुरवात काय होती त्याची?" तीच व्हीसीडी तिच्या घरात सतरा वर्षं पडून होती.

कॅसेटींचं काम मे महिन्यात घेतलं. व्हीसीआर एका ओळखीच्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यानं उसना दिला. व्हीएचएसची नक्कल कॅसेट चालेल त्याच वेगानं होते, तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. न दाबता ठेवायचं तर तासाला पंचवीस-तीस जीबी लागतात, तेव्हा कुठं त्या चार टीबीला तोंड दाखवायला जागा झाली. पाचपैकी दोनच निघाल्या. तीन कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी आहे, कोल्हापूरच्या तीस पावसाळ्यांची. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. आत्याचं लग्न मात्र सुदैवानं आलं. रविवारी दुपारी चारला १०१ वर लावायचं ठरलं आणि त्या दिवशी सोप्यात अठरा माणसं होती. पुण्याच्या ताईला तिकडून बघायचं होतं. आमचं इंटरनेट अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतं, त्यामुळे थेट आत येता येत नाही, म्हणून टेलस्केल नावाच्या प्रोग्रामनं तिचा फोन घराच्या जाळ्यात घेतला. केबलवाला पोरगा पैशांसाठी आला होता, तो उंबऱ्यात उभा राहून बघत होता. "काकू, हे कुठल्या पॅकमधी येतंय?"

जुलैमध्ये गल्लीच्या तोंडाशी खोदकामात फायबर तुटली. इंटरनेट गेलं आणि त्याच तारेवरची केबलही. दीड दिवस पेठेतल्या त्या भागात टीव्ही म्हणजे काळी काच. १०१ चालू होतं.

हिशेब

ऑगस्टमध्ये काकांसमोर कागद ठेवला. आधी महिन्याला केबल ६०० आणि इंटरनेट ८२५, एकूण १,४२५. आता इंटरनेट ८२५, एक केबल २००, दोन वर्गण्या महिन्याच्या हिशेबानं २१७, आणि सर्व्हरची वीज. बारा वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला साडेआठ युनिटच्या वर थोडं, घराच्या बिलाच्या दरानं ८५ रुपये. एकूण १,३२७. बचत अठ्ठ्याण्णव रुपये.

सव्वीस हजार भागिले अठ्ठ्याण्णव, दोनशे पासष्ट महिने. बावीस वर्षं. काका तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे असतील. त्यांना अर्थात यंत्राचा आकडा माहीत नसल्यामुळे त्यांच्या लेखी महिन्याला शंभराचा फायदा आहे आणि ते तो सगळ्यांना सांगतात. गठ्ठे कमी करण्याच्या त्या एका फोनवर एकशेनव्वद वाचत होते, हे फक्त मला आणि केबलवाल्या पोराला ठाऊक आहे.

कुणी पैसे वाचवायला म्हणून विचारलं तर मी आता आधी पावती मागतो आणि गठ्ठे काढायला लावतो. एकटा-दुकटा माणूस असेल, चालू मालिका आणि मॅच गल्लीबरोबर बघायची गरज नसेल, तर अ‍ॅपवर जाऊन केबल सरळ सोडावी. सर्व्हरचं मी कुणालाच स्वतःहून सुचवत नाही. माळ्यावर ट्रंक आहे का, एवढं विचारतो.

सध्याची स्थिती: माडीवरच्या स्टिकवर दादा-वहिनी रात्री काहीतरी बघतात. पोरगा १०१ चं वेळापत्रक लावायला शिकलाय आणि त्यानं शनिवारी दुपारी स्वतःचे क्रिकेटचे व्हिडिओ घुसवलेत, त्यावरून आजीबरोबर वाद चालू आहे. सगळं अजून एकाच डिस्कवर आहे. दुसरी आणून माझ्या घरी ठेवायची आहे, दिवाळीपर्यंत. बुरशीच्या तीन कॅसेटी प्लॅस्टिकच्या डब्यात तांदळाच्या शेजारी ठेवल्यात, कोरड्या राहाव्यात म्हणून. त्यातल्या एकीवर काकांच्या वडिलांचा आवाज आहे, असं काका म्हणतात.

स्वच्छ करणारा माणूस शोधतोय.